अडीच सुतांचा फरक: काटोल रोडवरच्या एका आरा मशीनचं प्रकरण

अडतीस फळ्या परत आल्या, आणि टेम्पोचं येण्याजाण्याचं भाडं मामेभावाच्या माथी बसलं. नागपुरातल्या लकडगंजच्या दरवाजेवाल्याने सगळ्यात वरच्या फळीवर खडूने दोनच शब्द लिहून पाठवले होते: ‘अडीच सूत’. ज्यांचा सुतारांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या थोडं वर. फळी ठरली होती २५ मिलिमीटरची, रंदा मारून २२ ची होणारी. आमच्या मालात सगळ्यात पातळ जागा निघाली २०.९ आणि सगळ्यात जाड २८.७. पातळ जागी रंदा पोचण्याआधीच माप संपलेलं, जाड जागी भुसा करण्यातच अर्धा दिवस.

संध्याकाळी भावाचा फोन आला. “दादा, लेव्हल घेऊन ये. मशीन तिरपी झाली वाटते.”

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, नोकरी केलेला माणूस. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारी आमची जमात. लाकूडवाले आम्हाला हसतात, आणि ते बरोबरही असतं. लाकूड रात्रीत हवेने जेवढं हलतं तेवढ्यावर आमच्याकडे जॉब रिजेक्ट होतो. पण अडीच सूत हे लाकडाच्याही हिशोबात बसत नव्हतं.

काटोल रोडला शहर सुटलं की संत्र्याच्या बागा लागतात. तिथेच एका बागेला लागून घर, आणि घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये मशीन. परवाना मामांच्या काळचा. हे मुद्दाम लिहितो, कारण चाकांवर चालणारी मशीन बघून कित्येकांना वाटतं की घेतली आणि मागच्या अंगणात लावली. गोल लाकूड चिरायचं तर परवाना लागतो. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरा गिरण्या बंद करायला लावल्या, तेव्हापासून हा विषय कडक आहे.

मशीन साधी. जमिनीवर सहा मीटरचे दोन रूळ, तीन-तीन मीटरचे तुकडे मधे बोल्टने जोडलेले, खाली पायांच्या पाच जोड्या. रुळांच्या मधे आडव्या पट्ट्यांवर ओंडका बसतो आणि शिकंज्याने आवळला जातो. रुळांवरून हाताने ढकलायचं डोकं: इंजिन, दोन चाकं आणि त्यांच्यावर ताणलेलं चार मीटर घेराचं पट्टा-ब्लेड, ३२ मिलिमीटर रुंद, १.१ मिलिमीटर जाड. ओंडका जागेवर, ब्लेड त्याच्यातून आडवं चालत जातं. एक फळी निघाली की स्क्रूने डोकं खाली घ्यायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून.

मी पोचेपर्यंत भावाने तीन ब्लेड बदलून पाहिले होते. ताण वाढवून एक तोडलंही होतं. प्रत्येक ब्लेडला पहिल्या एक-दोन फळ्या बऱ्या, मग तेच रडगाणं.

आता माझी चूक आधी सांगतो, कारण दोन दिवस तिच्यातच गेले.

मी लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पारदर्शक नळी, काढली, पाणी भरलं आणि रूळ मोजले. तिसऱ्या पायाशी, जिथे दोन तुकड्यांचा जोड आहे, रूळ सात मिलिमीटर खाली गेलेला. मला आनंदच झाला. कारण समोर होतं: काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. एप्रिलमध्ये शेडबाहेरच्या भेगा हात जाईल एवढ्या रुंद होत्या. मशीन बसवली दिवाळीनंतर, तेव्हा मातीत ओल होती. पहिले दोन पाय पाण्याच्या टाकीजवळ, टाकी गळकी, तिथली माती अजून ओली. पुढची सुकून बसली, आणि जोड सगळ्यात कमजोर म्हणून तो सगळ्यात जास्त बसला.

दोन माणसं लावून आम्ही पायांखालची माती दोन-अडीच फूट काढली, मुरूम भरून ठोकला, वर काँक्रीटचे ठोकळे टाकले आणि प्रत्येक पायाला स्क्रूचा जॅक लावला, म्हणजे पुढे माती हलली तर पाना फिरवून भागेल. रूळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत सरळ आले. तिसऱ्या दिवशी सागाचा ओंडका चढवला.

फळी २२ ते २७.८.

भाऊ काही बोलला नाही. त्याचा मुलगा मात्र बोलला. “काका, जमीन तर सरळ झाली, फळी काहून नाही झाली?”

उत्तर सुचलं ते रात्री, कोऱ्या कागदावर रुळाचं चित्र काढताना. रूळ मधे सात मिलिमीटर खाली गेलाय, म्हणून पहिला काप मधे सात मिलिमीटर खाली जाणार. बरोबर. पण दुसरा कापही त्याच रुळावरून जाणार, आणि तोही मधे तेवढाच खाली जाणार. मग दोन कापांच्या मधली फळी? वाकडी असेल, पण जाडी सारखीच! नागभीडच्या जुन्या नॅरोगेज लाइनीवर वळणं कितीही येवोत, दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटरच राहायचं, तसंच हे. जी चूक प्रत्येक फेरीला जशीच्या तशी होते ती जाडीत दिसतच नाही. ती फळीच्या सरळपणात दिसते, आणि ओंडका उलटवला की शेवटच्या फळीत दिसते, कारण तिथे वाकडा कापलेला तळ सरळ पट्ट्यांवर टेकतो. ब्लेड एका बाजूला झुकलेलं असेल तरी तेच: सगळ्या फळ्या बरोबर आणि शेवटची पाचरीसारखी.

म्हणजे जाडी बदलते आहे याचा अर्थ, दोन फेऱ्यांच्या मधे काहीतरी बदलतं आहे. जमीन दहा मिनिटांत बदलत नाही.

परत आलेला गठ्ठा आम्ही पुन्हा उघडला. त्यातल्या काही फळ्या खरोखरच नुसत्या वाकड्या होत्या, जाडी ठीक. तो दोष रुळाचा, आणि तो गेला होता. बाकीच्यांचा दोष वेगळा. दोन दुखणी एकाच गठ्ठ्यात बांधून आली होती, आणि मी एकावर औषध देऊन दुसऱ्याची वाट पाहत होतो.

मग टूलरूमची सवय कामाला आणली, जी पहिल्या दिवशीच आणायला हवी होती. फळी निघाली की तिच्यावर खडूने नंबर, इंजिनाच्या टोकाकडे बाण, आणि व्हर्नियरने पाच ठिकाणी दोन्ही कडांना मोजमाप. एका फळीची दहा मापं. तीन ओंडके, चोवीस फळ्या, दोनशे चाळीस आकडे, सगळे मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. मशीनला हात लावायचा नाही, नेहमीसारखं काम करायचं. भावाला हे फार जड गेलं. त्याचा पाना खिशात वळवळत होता.

वहीत जे दिसलं ते असं. फळीचं सुरुवातीचं फूटभर ठीक. मग ब्लेड खाली जायला लागतं, मधल्या भागात खालीच राहतं, शेवटी बाहेर पडताना परत वर येतं. दर फेरीला आधीच्यापेक्षा थोडं जास्त खाली. त्यामुळे पहिली फळी मधे २५.५, दुसरी २६, तिसरी २६.३, आणि गाठ आली की एकदम २७-२८. हे तीन ते पाच फळ्यांपर्यंत. मग अचानक एक फळी २१. पुन्हा पहिल्यापासून तेच. तिन्ही ओंडक्यांत ती पातळ फळी होती, पण नंबर वेगळा: एकदा पाचवी, एकदा चौथी, एकदा सहावी.

कोडं वहिनींनी सोडवलं, तेही चहाचे कप उचलताना. “पातळ म्हणता ती चहा झाल्यावरचीच दिसते.”

खरंच होतं. पोलाद तापलं की लांब होतं. चार मीटरचं ब्लेड चाळीस अंशांनी तापलं तर जवळपास दोन मिलिमीटर वाढतं, आणि या मशीनच्या ताण देणाऱ्या स्क्रूमागे स्प्रिंग नाही, नुसता रबरी ठोकळा आहे, तो एवढी वाढ भरून काढत नाही. फळीगणिक ताण सुटत जातो, ब्लेड जास्त जास्त खाली पोट काढतं. चहाला मशीन बंद झाली की ब्लेड गार होतं, आखडतं, ताण परत येतो. चहानंतरचा काप सरळ जातो. पण वरचा पृष्ठभाग आधीच्या कापाने मधे चार मिलिमीटर खाली गेलेला. सरळ कापाने निघालेली फळी मधे २१ येणारच. आम्ही दोष देत होतो तो काप नेमका सगळ्यात चांगला होता.

ताण सुटणं हे झालं एक कारण. पण सुटलेल्या ताणाने ब्लेड वरही जाऊ शकतं, खालीही. दर वेळी खालीच का? भाऊ म्हणाला, वजनाने. तसं नसतं, एवढ्याशा पट्टीचं वजन ते किती.

इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढून खिशात, हातात चामड्याचे मोजे. ब्लेड मशीनवरच ठेवून मी डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लावला आणि दातांची फाक मोजली. पट्टा-ब्लेडचा एक दात वर वाकवलेला, एक खाली, एक सरळ, असा क्रम असतो. वाकवलेले दात ब्लेडच्या अंगापेक्षा रुंद चीर पाडतात, म्हणून ब्लेड घासत नाही. वरच्या बाजूची फाक भरली ०.४, खालची ०.६. वीस दात मोजले, फरक सगळीकडे तोच. जिकडे फाक जास्त तिकडे दात जास्त चावतात आणि ब्लेड तिकडेच ओढलं जातं. हे तिन्ही ब्लेडमध्ये सारखंच निघालं, कारण तिन्हींना फाक घरच्याच सेटरवर दिली होती, आणि सेटरच्या एका बाजूचा अडथळ्याचा स्क्रू ढिला होऊन मागे सरकला होता. म्हणून ब्लेड बदलून काही होत नव्हतं. एकाच खोटीचे तीन नमुने आळीपाळीने लावून आपण पाहिले, असं मी म्हणालो तर पोरगा खाली बघायला लागला. सेटर तोच चालवतो. त्याला म्हटलं, स्क्रूला तोंड नाही, त्याचा दोष तू अंगावर कशाला घेतोस, लॉकनट लाव.

इथे भाऊ एकदम सगळं सुधारायला निघाला: फाक, गाइड, ताण, पाणी, सगळं आजच. मी अडवलं. एका वेळी एकच बदल, मग आठ फळ्या, मग वही. त्याला वाटलं मी वेळ काढतोय. पण चार गोष्टी एकदम बदलल्या आणि फळी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडली की पुन्हा चारही गोष्टींपाशी जावं लागतं.

फाक दोन्हीकडे ०.५ केली. फळ्या आल्या २२.९ ते २७. खाली जाण्याचं खूळ गेलं, आता ब्लेड कधी वर कधी खाली.

मग गाइड. ब्लेड लाकडात शिरतं तिथे दोन्ही बाजूंना एकेक रोलर असतो, ब्लेडला वरून दाबून धरणारा. एक रोलर पक्का, दुसरा दांड्यावर सरकणारा. सरकणारा शेवटच्या टोकाला, ६० सेंटिमीटरवर गंजून बसला होता. ओंडके ३० सेंटिमीटरचे. म्हणजे दोन्ही रोलरांच्या मधे निम्मं ब्लेड हवेत, आणि एवढ्या लांबीवर आधार नाही म्हटल्यावर गाठ लागली की ते वळणारच. डिझेल टाकून, हातोडीने ठोकून दांडा मोकळा केला. आता प्रत्येक ओंडक्याला रोलर लाकडापासून दोन-तीन बोटांवर आणून ठेवायचा.

रोलरचा दाबही पाहिला. ब्लेड चाकांवर मोकळं चालतं त्या रेषेपेक्षा रोलरांनी त्याला सहा मिलिमीटरच्या आसपास खाली दाबलेलं असावं, तरच रोलर ब्लेडला खरा धरतो. पक्क्या बाजूला दाब होता. सरकत्या बाजूला ब्लेड रोलरला नुसतं शिवत होतं. शिवाय रोलरच्या मागच्या कडेला ब्लेडची पाठ घासून घासून कड निळी पडली होती. तिथे तीनेक मिलिमीटर फट हवी. रिकामं चालताना पाठ टेकता कामा नये.

आणि एक बारीक काम, जे मला सगळ्यात आवडलं. ब्लेडच्या रुंदीवर एक सरळ, चाळीस सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी क्लिपने बसवायची, दात तिच्याखाली येऊ न देता. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून खालच्या आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्ही सारखी आली तर ब्लेड सपाट. आमच्याकडे पुढचं टोक तीन मिलिमीटर वर होतं, म्हणजे सरकत्या रोलरपाशी ब्लेडची दाताची बाजू किंचित वर उचललेली. ३२ मिलिमीटरच्या ब्लेडवर हा कल पाव मिलिमीटरसुद्धा नाही, डोळ्याला दिसणं शक्य नाही. पट्टीने तो बारा पट मोठा करून दाखवला. रोलरचे जुळवणीचे बोल्ट अर्धा-अर्धा आटा फिरवत तासाभराने फरक अर्ध्या मिलिमीटरवर आला.

यानंतरच्या आठ फळ्या: २३.७ ते २६.२.

ताणासाठी मशीन बदलायची गरज पडली नाही, सवय बदलली. दर दोन फळ्यांनी इंजिन थांबवून ताण बघायचा, चहा झाला की पुन्हा बघायचा, संध्याकाळी सोडून ठेवायचा. ब्लेडवर पाण्याची थेंबथेंब धार, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. आधी बाटली होती, पण नळी भुशाने बुजलेली. आणि दीड तास चिरलं की ब्लेड उतरवायचं, चालतंय असं वाटलं तरी. सागात सिलिका असते, धार लवकर खाते. धार गेली की ढकलायला जोर लागतो, जोराने ब्लेड तापतं, तापलं की ताण सुटतो. म्हणजे पुन्हा पहिल्या पानावर.

राहिला उंचीचा स्क्रू. त्याच्या नटात एक मिलिमीटरच्या वर ढिलाई होती. भाऊ कधी वरून खाली येत मापावर थांबायचा, कधी खाली जास्त गेलं की परत वर घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात काटा माप दाखवतो, पण डोकं ढिलाईभर खालीच राहतं. नवा नट मिळेपर्यंत नियम ठरला: माप नेहमी वरून खाली येतानाच घ्यायचं, चुकून पुढे गेलं तर भरपूर वर जाऊन पुन्हा यायचं.

मापपट्टीचंही एक होतं. फळी २५, ब्लेडची चीर दोन मिलिमीटरच्या जराशी वर, म्हणून डोकं दर वेळी २७ खाली. हा हिशोब तो मनात करायचा, दमल्यावर चुकायचा. आम्ही पत्र्याच्या पट्टीवर सत्तावीसचा पाढाच कोरला: २७, ५४, ८१, १०८, १३५, १६२, १८९, २१६. पोरगा प्रत्येक रेघेवर डोकं आणताना मोठ्याने म्हणतो, सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. पाढे पाठ असण्याचा हा उपयोग शाळेत कोणी सांगितला नव्हता.

शेवटची चोवीस फळ्यांची वही: २४.४ ते २५.६. जाडीतला फरक अर्ध्या सुताच्याही आत.

निलगिरीने मधेच एकदा आम्हाला फसवलं. शेताच्या बांधावरचा ओंडका, फळ्या मधे जाड, टोकांना पातळ. वही बघून मला वाटलं ब्लेड परत पोट काढायला लागलं. पण ओंडक्याच्या मधोमध खालच्या पट्टीत पत्त्याचा कागद सरकवून पाहिला तर तो आरपार गेला. ओंडकाच मधे उचलला गेला होता. झपाट्याने वाढलेल्या झाडाचा बाहेरचा थर आतून ताणलेला असतो. वरून दोन-तीन फळ्या काढल्या की खालचा ताण एकटा पडतो आणि लाकूड कमानीसारखं होतं. तिथे मशीनमध्ये काही करायचं नसतं. दोन फळ्या काढल्या की ओंडका उलटवायचा, दोन्ही बाजूंनी सारखं खायचं.

जूनच्या मध्याला पाऊस आला. भाऊ रोज सकाळी लेव्हल ट्यूब लावायला शिकला होता. पहिल्या आठवड्यात काही नाही. पंधरा दिवसांनी दुसरा पाय दोन मिलिमीटर वर. टाकीची गळती आम्ही बंद केली होती, तरी मुरुमाभोवतीची माती फुगून ठोकळ्याला ढकलत होती. जॅक पाव आटा फिरवला. सप्टेंबरपर्यंत पाच वेळा फिरवावा लागला.

दरवाजेवाल्याला आम्ही नवा माल पाठवला तेव्हा मुद्दाम प्रत्येक फळीवर नंबर आणि जाडी खडूने लिहून पाठवली. त्याचा फोन आला: “भाऊ, हे आकडे पुसून पाठवत जा ना, गिऱ्हाईक विचारते हे काय होय म्हणून.” पुढची ऑर्डर दिली, जुन्या अडतीस फळ्यांचं भाडं मात्र दिलं नाही.

बाभूळ अजून सुटलेली नाही. वाळलेल्या बाभळीत गाठीपाशी ब्लेड अजूनही दीड-दोन मिलिमीटर वर चढतं, ताण, फाक, गाइड सगळं ठीक असताना. आमच्या ब्लेडचे दात पुढे दहा अंश झुकलेले आहेत. कडक, वाळलेल्या लाकडाला कमी झुकावाचे दात लागतात. चार अंशांची दोन ब्लेड मागवली आहेत. ती येईपर्यंत बाभळीचे ओंडके शेडबाहेर पडून आहेत, वहीची पुढची पानं कोरी ठेवली आहेत.